झडीतला गहू

झड लागली की लोक खिडक्या लावून घेतात. मी उघडते. पाऊस आडवा आत येतो, गादीची कड भिजते, भिंतीवरचं कॅलेंडर फुगून वाकडं होतं. माझी लेक मैत्री, आता अकरा वर्षांची, पुस्तक छातीशी धरून ओरडते, "आई, सारं भिजून राह्यलं!" भिजू दे. गादी वाळते.

यंदाही श्रावणात झड लागली. आज तिसरा दिवस. ऊन नाही, सावली नाही, दिवसभर एकच राखाडी उजेड. मिठाला पाणी सुटलंय, आगपेटीची काडी घासली की नुसती ओली रेघ उमटते. पिठाच्या डब्याचं झाकण काढलं की कोंदट, गोडसर वास येतो. खरं तर चांगला वास आहे तो, गव्हाचाच. पण मी डब्यावर वाकते आणि त्या वासामागे दुसरा कुठला वास दडलाय का, ते शोधत राहते. तीन वर्षं झाली. माझं नाक अजून निर्धास्त झालेलं नाही.

त्या वर्षी मैत्री आठ वर्षांची होती. मंगरूळपीरला आमचं तीन खोल्यांचं घर, एकामागे एक. समोर बैठक, मध्ये निजायची खोली आणि मागे धान्याची. स्वयंपाकघर बाजूच्या पडवीत. मधल्या आणि मागच्या खोलीला दार नव्हतं, आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा होता. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडेच राहायचे. मैत्रीचे वडील धनजच्या शाळेवर मास्तर. पावसाळ्यात रोजची ये-जा नको म्हणून ते तिकडेच खोली करून राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. मी घरूनच एक काम सुरू केलं होतं. आसेगाव माझं माहेर. तिथल्या पाच बायका रासायनिक खत न घालता, औषध न फवारता गहू आणि तूर पिकवायच्या. तो माल मी आणायची, निवडायची, उन्हात वाळवायची, पिशव्या शिवायची आणि पुण्या-नागपूरच्या घरांना पाठवायची.

पिशव्यांवर मी हाताने लिहायची, 'विषमुक्त'. चांगलं अक्षर आहे माझं.

शहरातल्या गिऱ्हाइकांच्या भीतीची मला तेव्हा सवय होत चालली होती. पुण्याच्या एका प्रदर्शनात मी टेबल लावलं होतं. बायका यायच्या, गहू मुठीत घ्यायच्या, हुंगायच्या. "खरंच सेंद्रिय आहे ना हो? कशावरून?" असं विचारताना त्यांचा आवाज हळू व्हायचा, जणू दवाखान्यात रिपोर्ट विचारताहेत. एक म्हणायची, "किडा दिसला की समजावं, खरा माल." दुसरी त्याच टेबलापाशी म्हणायची, "किडा असेल तर मला नकोच." दोघींनाही मी हसून हो म्हणायची. पण मला त्यांचं हसू यायचं नाही. त्यांच्यातल्या अंजलीताईंच्या आईचे केमोचे उपचार सुरू होते. त्या दर महिन्याला फोन करायच्या. "सुजाता, आईच्या पोटात आता जे जाईल ते स्वच्छच जायला हवं. मी फक्त तुमच्यावर भरवसा ठेवलाय." फोन ठेवल्यावर माझ्या छातीवर पोतं ठेवल्यासारखं वाटायचं.

आणि आसेगावात पंचफुलामावशी. पाच बायकांतली सगळ्यात मोठी, नात्यानेही माझी लांबची मावशी. एकदा मी तिच्या घरी जेवायला बसले. पोळी मऊ होती, पांढुरकी होती. मी विचारलं, "मावशी, हा आपला गहू नाही वाटते?"

"नाई वं," ती म्हणाली. "हा रेशनचा. आपला तुया शहरवाल्यांले. आमच्या पोटाले काय होते? पोट भरलं म्हंजे झालं."

मी घास गिळला. तेव्हा गिळला गेला.

माझे बाबा सरकारी धान्य गोदामात हमाल होते. सबंध उमेदीचं वय त्यांनी पाठीवर पोती वाहिली. त्यांच्या मानेखाली, दोन खांद्यांच्या मध्ये, कातडी जाड आणि गुळगुळीत झाली होती, बैलाच्या मानेवर जुवाने होते तशी. गोदामाबद्दल ते देवळाबद्दल बोलावं तसे बोलायचे. छपरापर्यंत रचलेल्या थप्प्या, वर ताडपत्री, खाली लाकडी फळ्या. "पाह्य सुजा, देश देश म्हंतेत ना, थो म्या पाह्यला हाये. थो थप्पीत राह्यते. थप्पी हाये तं देश हाये." वर्षातून काही वेळा थप्पीत किडे मारायच्या गोळ्या टाकायचे, ताडपत्रीची कड वाळूने दाबायचे, दाराला कुलूप घालून धोक्याची पाटी लावायचे. मग कित्येक दिवस कुणी आत जायचं नाही. दार उघडलं की खाली मेलेल्या सोंडे-किड्यांचा काळा थर आणि वर दाणा शाबूत. बाबांना तो चमत्कार वाटायचा.

त्यांना तसं का वाटायचं, हे कळायला त्यांचं बालपण ठाऊक असावं लागतं. मोठ्या दुष्काळाच्या वेळी ते आठ वर्षांच्या मैत्रीएवढेच होते. आसेगावच्या शिवारात काही उरलं नव्हतं. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकर थापली की तुटायची आणि खाल्ली की पोटात दगड व्हायची. तीही रोज नाही. एकदा त्यांनी आणि त्यांच्या आईने बांधावर उंदरांची बिळं खोदली आणि आत साठवलेले ज्वारीचे दाणे काढले, मूठ-दोन मूठ. धुतले, शिजवले, खाल्ले. "उंदरानं बी लेकरांसाठी ठेवलं असंन," ही गोष्ट सांगताना बाबा दर वेळी म्हणायचे. उकिरड्यावर शिळी पोळी दिसली तरी त्यांचा चेहरा उतरायचा. माझ्या धंद्याचं त्यांना कौतुक होतं, पण ते समजून घेणं त्यांना जमत नव्हतं. "विष नाई, विष नाई करता. आमच्या वक्ती अन्न नोतं. तुमाले अन्नाचं भेव वाटते, आमाले अन्न नसल्याचं."

मी म्हणायची, "बाबा, दोन्ही भेव खरं हाये."

"असंन," ते म्हणायचे. त्यांना पटलेलं नसायचं.

त्या श्रावणात झड लागली ती आठ दिवस हटली नाही. गहू चैत्रातच कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून भरलेला होता. बाकीचा पाठवून झाला होता, पंचवीस-पंचवीस किलोंची दोन लहान पोती उरली होती. पण हवा इतकी ओली की पाला काळा पडला, आणि पोत्याला हात लावला की आतून ऊब लागायची. सोंडे आत कामाला लागले की धान्य असं गरम होतं. मी रोज चाळायची, रोज नवे निघायचे. त्यातच नागपूरच्या एका बाईंनी त्यांना पोचलेल्या पिशवीचा फोटो गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकला. पांढऱ्या ताटलीत गहू आणि त्यावर चालणारे चार-पाच काळे ठिपके. खाली लिहिलं होतं, "हे खायचं का आपण?" संध्याकाळपर्यंत सात जणांनी पुढचा माल नको म्हणून कळवलं. मी स्वयंपाकघरात पिठाचा हात तसाच तोंडावर धरून रडले. मला वाटलं, कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा छत्री घेऊन बाहेर गेले आणि भिजून परत आले. मी विचारलं तर म्हणाले, "पाय मोकळे केले." रात्री नेहमीसारखी मी समोरच्या खोलीत निजले, कारण सकाळी दुधवाल्याला दार उघडायचं असायचं. मधल्या खोलीत बाबा आणि मैत्री. पाऊस आत येतो म्हणून मैत्रीने सगळ्या खिडक्या लावून कड्या घातल्या होत्या.

सकाळी उठले तर घरात लसणाचा वास. मला वाटलं, बाबांनी ठेचा केला असेल. त्यांना पावसाळ्यात लसणाचा ठेचा लागतो. मी मनात म्हटलंसुद्धा, आज भाकरी टाकाव्या.

मग मैत्रीच्या ओकण्याचा आवाज आला.

ती गादीवर बसून ओकत होती. पोटात काही उरलं नव्हतं तरी ओकत होती. "आई, छाती दाबून राह्यली," म्हणाली. बाबा भिंतीला टेकून बसले होते, चेहरा मातीसारखा. "मले काई नाई झालं, पोरीले पाह्य," एवढंच बोलले. मी चादर फेकली, मैत्रीला उचललं. जवळच्या डॉक्टरांनी पाहिलं, विचारलं, "काल काय खाल्लं?" मी म्हटलं, "घरचंच. आमचं सगळं घरचं असतं." त्यांनी इंजेक्शन दिलं, पाणी पाजत राहा म्हणाले. तासाभरात तिचे ओठ निळसर दिसायला लागले. शेजारच्या रिक्षावाल्याने रिक्षा काढली आणि आम्ही वाशीमला निघालो. रस्ता दिसत नव्हता. पडद्यातून पाणी आत येत होतं. मैत्रीचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तिच्या श्वासाला फळ्यावर खडू घासल्यासारखा आवाज येत होता. समोर ड्रायव्हरशेजारी बाबा पाठमोरे बसले होते. सगळ्या वाटेत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मला त्याचा राग आला होता.

जिल्ह्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मैत्रीची नखं पाहिली, छातीवर नळी लावली, नर्सला ऑक्सिजन लावायला सांगितला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "घरात धान्यात गोळ्या टाकल्या होत्या का? किड्याच्या?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्या घरात ते येतच नाही, मॅडम. आमचं सेंद्रियचंच काम आहे."

हे मी अभिमानाने म्हटलं. लेकीचे ओठ निळे पडले होते आणि माझ्या आवाजात अभिमान होता. त्या वाक्याचा सूर मला अजून ऐकू येतो. प्रदर्शनातल्या टेबलावर मी जो सूर लावायची, तोच.

"नक्की?"

"नक्की."

डॉक्टरबाईंनी कागदावर काही लिहिलं. त्या दुसरं काही विचारणार, एवढ्यात दारातून आवाज आला.

"म्या टाकल्या."

बाबा चौकट धरून उभे होते. छत्रीतून पाणी गळत होतं.

"काय?" मी म्हटलं.

"म्या टाकल्या, मॅडम," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "काल सांजच्याले. दोन पोत्यात. वरून ताडपत्री टाकली. पोरगी अन् म्या बाजूच्या खोलीत निजलो."

डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. त्या मोठ्याने बोलल्या नाहीत, पण त्यांचे हात एकदम भराभर चालायला लागले. मैत्रीला आतल्या वॉर्डात नेलं. छातीला तारा लावल्या. बाबांनाही खाट दिली, सलाईन लावलं. ते नको नको म्हणत होते. नर्स म्हणाली, "आजोबा, तुमच्याबी छातीत तेच गेलं हाये, झोपा गुमान." मी डॉक्टरांना विचारलं, याच्यावर औषध काय? "याला उतारा नसतो ताई. ओल लागली की त्या गोळ्यांतून वायू सुटतो, लसणासारख्या वासाचा. शरीर हळूहळू बाहेर टाकेल. तोवर आपण श्वास आणि हृदय सांभाळायचं. दोन दिवस पाहू."

दोन दिवस पाहू. मी पाहिलं. यंत्रावरची हिरवी रेघ पाहिली. ती मध्येच अडखळायची आणि मी खुर्चीतून अर्धी उठायची. झड सुरूच होती, खिडकीच्या काचेवर पाणी एकसारखं उतरत होतं. मैत्रीचे वडील धनजहून ओलेचिंब होऊन आले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. ती वाचेल ना, हा एकच प्रश्न आमच्यात फिरत होता.

दवाखान्यात खिचडी मिळायची. पहिल्या दिवशी ताट समोर आलं तेव्हा मला दाणे दिसलेच नाहीत. मला गोदाम दिसलं. हा तांदूळ कुठल्या थप्पीतून आला असेल, त्या थप्पीत किती वेळा गोळ्या पडल्या असतील, डाळीवर काय फवारलं असेल, हळदीत काय असेल. जगात असा एक दाणा नाही, असं वाटलं, जो मी लेकीच्या तोंडात निश्चिंत घालू शकेन. मी ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही सरकवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मला भूक लागली. भूक लागली आणि मी ती खिचडी खाल्ली, बोटं चाटून. भुकेने कसलंही प्रमाणपत्र मागितलं नाही. खाताना मला आसेगावचा तो बांध आठवला, आणि बीळ खोदणारा आठ-नऊ वर्षांचा मुलगा.

त्याच सकाळी रेघ सरळ चालायला लागली. मैत्रीने डोळे उघडून विचारलं, "शाळा बुडली का?" डॉक्टरबाई हसल्या. मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि कठड्याला धरून उभी राहिले.

बाबा बाकावर बसले होते. त्यांना आदल्या दिवशीच सोडलं होतं, पण ते घरी गेले नव्हते.

"वाचली," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली.

"काहून टाकल्या, बाबा?" तीन दिवस विचारायचा राहिलेला प्रश्न तो. "मले विचारलं काहून नाई?"

त्यांनी ओली छत्री बाकाखाली सारली. मग म्हणाले, "तू रडत होती. म्या पाह्यलं."

"म्हणून?"

"दाणा सडून राह्यला होता, माय. माया डोयासमोर. म्हटलं, आपल्याले हे काम येते. जिंदगीभर केलं. कोनाले कयनार बी नाई, गहू वाचंन, तुयं नाव वाचंन." त्यांचा आवाज फाटला. "गोदामात आमी पाटी लावत होतो, कुलूप लावत होतो. घरी म्या पडदा लावला. निरा पडदा."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण त्यांच्या मानेवरची ती जाड कातडी दिसत होती, तिच्यावर पावसाचे थेंब होते, आणि मला ओरडता आलं नाही. मी बाजूला बसले. एवढंच जमलं.

घरी आल्यावर मी सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले, एकेकाला. मैत्रीचे वडील म्हणाले होते, तो गहू आपण पाठवलाच नाही, मग सांगायचं कशाला? पण 'नक्की' म्हणून मी एकदा खोटी ठरले होते आणि तेव्हा पणाला माझी लेक लागली होती. पुन्हा तो शब्द तोंडात ठेवायची हिंमत नव्हती. कुणी हळहळलं. कुणी म्हणालं, "जाऊ द्या हो, बाजारातला गहू तरी काय, सगळ्यात तेच असतं." नागपूरच्या फोटोवाल्या बाई म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं का हे?" मी नाही म्हटलं. ते पूर्ण खरं नव्हतं, पूर्ण खोटंही नव्हतं.

अंजलीताईंना मी शेवटी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मैत्री कशी आहे, ते आधी विचारलं. मग म्हणाल्या, "सुजाता, एक विचारू? आधी कधी... म्हणजे तुम्हाला न कळता... आधीही कधी झालं असेल का?"

"नाही, ताई. बाबा म्हणतात, पहिल्यांदाच."

"तुम्हाला तसं वाटतं. पण तुम्हाला या वेळीही माहीत नव्हतं ना?"

त्यांच्या घरी एक आजारी म्हातारी माझ्या गव्हाची पेज पीत होती. मी पिशवीवर एक शब्द लिहिला होता. त्या शब्दामागे पाच बायका होत्या, त्यांचे नवरे, शेजारच्या शेतातून वाऱ्याने येणारं औषध, कुठल्या तरी रात्रीचं आभाळ, कुणाची तरी माया, कुणाचं तरी भेव. या सगळ्याची मी काय हमी देणार होते? "कळायचा मार्ग नाही, ताई," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "हो. तेच तर." आणि मग कधी त्यांचा फोन आला नाही. त्यांच्या आईचं काय झालं, मी विचारलं नाही. मला भीती वाटते.

काम मी बंद केलं नाही. आजही करते, थोडं. पंचफुलामावशीला सारं सांगितलं तेव्हा ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अवं, आमी तं घरच्या कोठीत टाकतोच गोळ्या. निजतो बी तिथंच." त्या दिवशी मी पाचही घरं फिरले, कोठ्या अंगणात काढायला लावल्या, दारं-खिडक्या उघडायला लावल्या. बायका हसत होत्या माझ्यावर. हसू दे म्हटलं. पिशव्यांवर आता मी 'विषमुक्त' लिहीत नाही. कुणाचा गहू, कुठल्या शिवारातला, कधी कापला, एवढं लिहिते. सोंडे होऊ शकतात, असंही लिहिते. गिऱ्हाईक कमी झालं. जे उरलं ते प्रश्न विचारणारं आहे. मला त्यांचे प्रश्न आता आवडतात आणि त्यांची भीती वाटते, दोन्ही.

पण त्या दोन पोत्यांचं सांगायचं राहिलं.

झड उघडल्यावर ती अंगणात आणली होती. मला ती पुरून टाकायची होती. मैत्रीचे वडील खड्डा खणायला कुदळ घेऊन आले, तर बाबा पोत्यांसमोर उभे राहिले, दोन्ही हात पसरून.

"अन्न पुरता?"

"बाबा, विष हाये त्याच्यात."

"नाई. वारा देल्ला का निंघून जाते. थे हवेत राह्यते, दान्यात नाई राह्यत. डॉक्टरीनबाईले विचार." मी खरंच विचारलं होतं. नीट हवा दिली, उरलेली भुकटी झटकून काढली तर खाता येतो, असं त्याही म्हणाल्या होत्या. सारा देश तसाच खातो, हे त्या बोलल्या नाहीत, पण मला ऐकू आलं. तरी माझं मन ऐकेना.

"मी नाही खाणार. मैत्रीला नाही देणार. विकणार नाही."

"म्या खातो," बाबा म्हणाले.

आणि त्यांनी खाल्ला. पंधरा दिवस तो गहू त्यांनी उन्हात पसरला, चाळला, पाखडला, पुन्हा पसरला. मग वेगळा डबा, वेगळं पीठ. स्वतःच्या पोळ्या स्वतः लाटायचे, वेड्यावाकड्या. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. रोज दुपारी ते भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि ती पोळी खायचे. सावकाश, एकही तुकडा खाली न पडू देता. मी ओट्याशी उभी राहून त्यांचा गळा पाहायची. घास उतरला की माझा श्वास सुटायचा. कधी न राहवून म्हणायची, "बाबा, पुरे करा ना." ते म्हणायचे, "चांगला हाये गहू. गोड हाये. उगीच भेतं तू." इतक्या शांतपणे म्हणायचे की मला माझीच लाज वाटायची. वाटायचं, यांना खरंच भीती नाही. ज्यांनी भूक पाहिली त्यांना अन्नाची भीती वाटतच नाही.

फाल्गुनातली दुपार. दुसऱ्या पोत्याचा तळ दिसायला लागला होता. बाबा जेवत होते, मी भाजी चिरत होते. मैत्री शाळेतून आली, दप्तर टाकलं, आजोबांच्या गळ्यात हात टाकला आणि त्यांच्या ताटातल्या पोळीचा तुकडा मोडून तोंडात घातला.

मी हलायच्या आत बाबा हलले. त्यांनी ताट लाथाडलं. एका हाताने तिचा जबडा धरला, दुसऱ्या हाताची बोटं तिच्या तोंडात घातली. "थुक! थुक, माय, थुक!" ते ओरडत होते, असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. त्यांचे डोळे फिरले होते. मैत्री घाबरून रडायला लागली. तुकडा बाहेर पडला. त्यांनी तिला चूळ भरायला लावली, एकदा, दोनदा, पाचदा. धोतराच्या सोग्याने तिची जीभ पुसली. तिला पोटाशी धरून ते कितीतरी वेळ तिच्या छातीला कान लावून बसले.

तेव्हा मला कळलं की इतके महिने रोज दुपारी ते काय गिळत होते.

मैत्री शांत झाली. मी तिला जवळ घेतलं. बाबा उठले, खाली सांडलेली पोळी गोळा केली. भिंतीपाशी तो ओला, अर्धवट चावलेला तुकडा पडला होता. त्यांनी तो उचलला, त्यावरची धूळ फुंकली, आणि आपल्या तोंडात टाकला.